मेदाची पिशवी आणि विजेचा धागा

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी सूचना चिटणीससाहेबांनी केली तेव्हा प्रथम मी संकोचलो. संस्थेचा इतिहास लिहिण्यास अधिकारी अशी वडीलधारी मंडळी बेळगावात आहेत. मी पडलो माध्यमिक शाळेतील विज्ञानाचा शिक्षक. तेव्हा ज्याची रोज वर्गात घोकंपट्टी चालते, त्याच शास्त्रातील एक विषय सभासद बंधुभगिनींपुढे साध्या शब्दांत मांडावा, असे ठरविले. विषय जरा नवखा आहे. औषध ज्यात भरून शरीरात पाठवितात त्या अतिसूक्ष्म मेदाच्या पिशव्या, आणि त्या पिशव्या टिकाव्यात म्हणून विजेच्या साहाय्याने कातलेले धागे, यांची ही हकीकत आहे. हाच विषय का निवडला, त्याला घरचे कारण आहे. ते आधी सांगतो.

सन २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ 'काळी बुरशी' नावाचे जे संकट आले, ते आपणापैकी कोणी विसरले नसेल. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशभरात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही दुलाभाई म्हणतो, त्यांना मधुमेह. करोनातून उठले आणि आठच दिवसांत एका डोळ्याखाली सूज आली. डॉक्टरांनी निदान केले आणि एका औषधाचे नाव कागदावर लिहून दिले : लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. दर दिवसाला पाच-सहा बाटल्या लागणार होत्या, आणि बाजारात एकही मिळत नव्हती. आपल्या ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी दिवसभर फोन करून, मोटारसायकली पिटाळून, रात्री अकराच्या सुमारास सहा बाटल्या माझ्या हाती आणून दिल्या. रुग्णालयात त्या वेळी कोणी ताब्यात घेईना. सकाळी आणा म्हणाले.

बाटल्यांत पिवळसर, दुधासारखे पातळ औषध होते. 'थंड जागी ठेवावे' एवढे मला ठाऊक होते. घरात फ्रीज होता. बाहेर मे महिन्याचा उकाडा, त्यात वीज जाण्याची भीती. मी विचार केला, जितके गार तितके बरे. आणि सहाही बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून निश्चिंत मनाने झोपलो.

सकाळी औषध गोठलेले होते. वितळवून नेले. डॉक्टरांनी एक बाटली उजेडासमोर धरली, हलविली, पुन्हा धरली. तळाशी बारीक कणी बसली होती. ते म्हणाले, "मास्तर, हे बर्फात ठेवलं होतं का?" मी हो म्हटले. त्यांनी खोक्यावरची ओळ दाखविली : गोठवू नये. "औषध आत आहे हो," ते म्हणाले, "पण त्याची पिशवी फुटली आहे. आता हे मी देऊ शकत नाही."

दुसऱ्या सहा बाटल्या मिळावयास आणखी दीड दिवस गेला. दुलाभाई वाचले. एक डोळा गेला. डोळा आधीच गेल्यात जमा होता, त्या दीड दिवसाने काही फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले. आपाने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. परंतु वीस वर्षे मुलांना 'पाणी गोठताना प्रसरण पावते' हे शिकविणारा मी, माझ्याच हातून हे झाले! 'त्याची पिशवी फुटली आहे' हे डॉक्टरांचे वाक्य मनात राहिले. ही पिशवी कसली, ती फुटते का, आणि ती फुटू नये म्हणून कोणी काही करीत आहे काय, याचा शोध मी वाचनातून घेतला. त्याचेच हे सार.

मेदाची पिशवी

अंड्याच्या बलकात किंवा सोयाबीनच्या तेलात 'लेसिथिन' नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे लक्षावधी रेणू पाण्यात सोडले तर ते काय करतील? भर पावसात सापडलेली माणसे पाठीला पाठ लावून, छत्र्या बाहेरच्या अंगाला धरून दोन रांगांत उभी राहावीत, तसे हे रेणू उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे, शेपट्या मध्ये लपलेल्या. असा दुहेरी पडदा तयार होतो. पण पडद्याच्या कडेला शेपट्या उघड्या पडतात, म्हणून पडदा वळत वळत स्वतःवरच मिटतो आणि त्याचा पोकळ गोळा बनतो. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये मेदाची भिंत. हीच ती पिशवी. शास्त्रज्ञ तिला 'लायपोसोम' म्हणतात. ग्रीक भाषेत 'लिपोस' म्हणजे चरबी व 'सोमा' म्हणजे देह. आपण तिला मेदपिशवी म्हणू.

हिचा शोध इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम येथील संशोधन संस्थेत लागला. ॲलेक बँगहॅम हे रक्ताचा अभ्यास करणारे डॉक्टर होते. सन १९६१ च्या सुमारास त्यांनी व त्यांचे सहकारी हॉर्न यांनी संस्थेतील नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लेसिथिनसारखे पदार्थ पाहिले, तेव्हा त्यांना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक गोल पडदे दिसले. ती चित्रे १९६४ साली प्रसिद्ध झाली. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे कवच मुख्यतः अशाच दुहेरी पडद्याचे असते. म्हणून ही पिशवी शरीराला परकी वाटत नाही, हे तिचे मोठेच भाग्य.

आकार म्हणाल तर, औषधासाठी वापरतात त्या मेदपिशवीचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत अशा सात-आठशे पिशव्या ओळीने मावतील.

आता अँफोटेरिसिनकडे येऊ. हे औषध व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० नंतरच्या दशकात मिळाले. बुरशीचा हा कर्दनकाळ. पण मूत्रपिंडांनाही तितकाच जाचक. हेच औषध मेदपिशवीत बसवून दिले की मूत्रपिंडांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो आणि म्हणून ते पुरेशा मात्रेने देता येते. काटेकोर बोलायचे तर हे औषध पिशवीच्या पोकळीत नसते, तिच्या भिंतीतच रेणूंच्या शेपट्यांमध्ये रुतून बसलेले असते. त्यामुळे भिंत विस्कटली की औषधाची बैठकच मोडते. माझ्या सहा बाटल्यांत तेच झाले होते.

या औषधाच्या कथेत आपल्याकडील माणसांचाही वाटा आहे. दिल्ली विद्यापीठातील बिमलकुमार बछावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या प्रयत्नांतून भारतीय बनावटीचे लायपोसोमल अँफोटेरिसिन तयार झाले. पुढे बिहारमधील मुझफ्फरपूर येथे डॉ. श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळा आजार या रोगावर या औषधाची एकच मात्रा देऊन पाहिली. शंभरात सुमारे पंचाण्णव रोगी बरे झाल्याचे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले आणि २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही एका मात्रेची पद्धत आली. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध मेदपिशवीत भरून देण्यास अमेरिकेने १९९५ सालीच मान्यता दिली होती. तात्पर्य, मेदपिशवी ही रोजच्या वैद्यकात रुळलेली वस्तू आहे.

पिशवीचे दुखणे

परंतु ही पिशवी फार नाजूक. तिचे रेणू एकमेकांना कोठल्याही पक्क्या बंधाने बांधलेले नसतात, केवळ पाण्याच्या धाकाने एकत्र उभे असतात. उष्णता वाढली की भिंत सैल पडते व आतील औषध झिरपते. हवेतील प्राणवायू लागला की तेल खवट होते, तशी ही भिंतही खवट होते. दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास तिचे रेणू पाण्यानेच तुटू लागतात. शेजारशेजारच्या पिशव्या एकमेकींवर आदळतात, चिकटतात, दोहोंची एक होते. आणि गोठविले तर? पाण्याचे स्फटिक बनू लागतात, त्यांची धार भिंतीला लागते. उरलेल्या पाण्यात पिशव्या दाटीवाटीने कोंबल्या जातात आणि त्यांचा लगदा होतो. बाटलीच्या तळाशी मी पाहिलेली कणी ती हीच.

कोणी म्हणेल, करोनाच्या काही लसी तर उणे ७० अंशांच्या आसपास ठेवीत असत, त्यांत मेदाचेच कण होते ना? खरे आहे. पण त्या लसीत साखर मुद्दाम घातलेली होती. साखरेचे रेणू पाण्याची जागा घेतात, मेदाच्या डोक्यांशी सलगी करतात आणि भिंतीला सावरतात. निसर्गाने ही युक्ती फार पूर्वी योजिली आहे. काही सूक्ष्म प्राणी वर्षानुवर्षे वाळून पडतात आणि पाण्याचा थेंब मिळताच पुन्हा चालू लागतात. त्यांपैकी अनेकांच्या अंगात 'ट्रेहॅलोज' नावाची साखर असते. हीच युक्ती वापरून पुष्कळ मेदपिशव्या साखरेसह थंडीत सुकवून त्यांची पूड करतात व देतेवेळी पाण्यात कालवितात. पूड केलेली ही औषधे अधिक टिकतात, पण ती तयार करण्यास महागडी यंत्रे व पुष्कळ वेळ लागतो.

दुसरे दुखणे शरीराच्या आतले. शिरेतून दिलेल्या मेदपिशव्यांना यकृत व प्लीहा या अवयवांतील भक्षक पेशी वेचून वेचून गिळतात. जखमेवर ओतल्या तर त्या पाण्याबरोबर वाहून जातात. ज्या जागी औषध हवे, त्या जागी ते दिवसचे दिवस थांबत नाही. म्हणजे पिशवीला दोन गोष्टी हव्यात : बाहेर असताना कोरडा निवारा, आणि शरीरात गेल्यावर एका जागी बांधून ठेवणारा खुंटा. या दोन्ही गरजा एकाच वस्तूने भागतील काय? येथे धाग्याचा प्रवेश होतो.

विजेचा धागा

आमचे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार जात आणि गाद्यांचा कापूस पिंजून देत. तातीचा 'धुन्‌ धुन्‌' आवाज आणि खोलीभर उडणारा कापूस हे माझ्या लहानपणीचे चित्र. आजोबा म्हणत, "कापूस मोकळा झाला की त्यात हवा राहते, हवा राहिली की ऊब राहते." धागा जितका बारीक, तितकी त्याच्या पोटात व पाठीवर ठेवावयास जागा अधिक, हे तत्त्व मला तेथेच प्रथम कळले. कापसाचा एक तंतू साधारण १५ हजार नॅनोमीटर जाड असतो. आता आपण पाहणार आहोत ते तंतू त्याहून पन्नासपट बारीक, म्हणजे दोनशे ते पाचशे नॅनोमीटरच्या घरातले असतात.

उरुसात आपण 'म्हातारीचे केस' पाहिले असतील. फिरणाऱ्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून वितळलेली साखर बाहेर फेकली जाते आणि हवेत थंड होऊन तिचे धागे बनतात. घरी शेवया करताना सोऱ्यातून पीठ दाबून काढतात. विजेच्या कताईत दाबणेही नाही आणि गरगर फिरविणेही नाही. तेथे धागा ओढला जातो, तोही विजेने.

कृती अशी. एखादा चिकट पदार्थ द्रवात विरघळवून पिचकारीत भरतात. पिचकारीच्या सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युत्‌दाब देतात. समोर दहा-वीस सेंटिमीटरवर धातूचा पत्रा असतो. सुईच्या टोकाशी थेंब लोंबू लागला की त्याच्या पृष्ठभागावर एकाच जातीचा विद्युत्‌भार साठतो. एकाच जातीचे भार एकमेकांस दूर लोटतात, समोरचा पत्रा त्यांना ओढतो. थेंबाचा ताण त्याला गोल ठेवू पाहतो, वीज त्याला खेचू पाहते. या ओढाताणीत थेंब शंकूच्या आकाराचा होतो आणि एका क्षणी वीज जिंकते : शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते. ती धार थोडे अंतर सरळ जाते आणि मग चाबकासारखी वेटोळी घेत सुटते. या फटक्यांत ती शेकडो पट ताणली जाते, तिच्यातील द्रव उडून जातो आणि पत्र्यावर कोरडा, पांढरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा जमतो. व्होल्टेज पुष्कळ, पण वाहणारा विद्युत्‌प्रवाह मात्र अत्यल्प, हे ध्यानात ठेवावे.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. घासलेल्या अंबराजवळ पाण्याचा थेंब नेला असता तो टोकदार होतो, हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. अमेरिकेत कूली व मॉर्टन यांनी १९०२ साली विजेने धागे काढण्याची पेटंटे घेतली. सोव्हिएत रशियात पेत्र्यानोव व त्यांचे सहकारी यांनी १९३८ च्या सुमारास अशा धाग्यांच्या गाळण्या बनविल्या व त्या विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत वापरल्या गेल्या. थेंबाच्या शंकूचे गणित मात्र केंब्रिजच्या जॉफ्री टेलर यांनी मांडले. शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश असतो, हे त्यांनी दाखविले. त्यांचा हा निबंध १९६४ सालचा.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. बँगहॅम यांची मेदपिशवीची चित्रे १९६४ सालची, टेलर यांचा शंकूही १९६४ सालचा. एक केंब्रिज शहरात, दुसरे तेथून काही मैलांवर. पण पिशवी आणि धागा यांची गाठ पडावयास जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठाच्या डॅरेल रेनेकर यांनी १९९० नंतर विजेच्या कताईला पुन्हा चालना दिली, प्रयोगशाळांत ती सर्वत्र पसरली आणि मग वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले.

पिशवी धाग्यात कशी बसवितात

सर्वांत सोपा विचार असा की, मेदपिशव्या चिकट द्रवात मिसळाव्यात आणि तो द्रव कातावा. गूळ घालून पीठ मळावे तसे. झेकोस्लोव्हाकियातून वेगळ्या झालेल्या चेक देशातील प्राग येथे मिकोव्हा, आमलेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले व २०१२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : अशा रीतीने कातल्यास पिशव्या अखंड राहत नाहीत. कताईतील जोरदार ताण आणि क्षणार्धात उडून जाणारा ओलावा त्यांना मानवत नसावा, हे समजण्यासारखे आहे. त्यातून द्रव क्लोरोफॉर्मसारखा असेल तर विचारूच नका, कारण त्यात मेद स्वतःच विरघळतो.

मग त्याच मंडळींनी दुहेरी सुई वापरली. एका सुईच्या आत दुसरी सुई. आतल्या सुईतून पाण्यात विरघळलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि त्यात मेदपिशव्या. बाहेरच्या सुईतून पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचे, शरीरात सावकाश विरणारे प्लॅस्टिक. दोन्ही धारा एकदम सुटतात. सारण भरलेल्या करंजीसारखा, पण लांबच लांब, असा धागा तयार होतो. विद्युत्‌भार धारेच्या पृष्ठभागावर असतो, उडून जाणारा कडक द्रव बाहेरच्या सालीत असतो. आतल्या पाणथळ गाभ्यातील पिशव्यांना या दोहोंची झळ कमी लागते. या धाग्यांत पिशव्या अखंड राहिल्या. त्याची खूण काय? त्यांनी पिशव्यांत एक विकर भरले होते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. ते फार चटकन बिघडते. कताईनंतरही ते विकर आपले काम करीत होते. पुढे अशा धाग्यांवर हाडे-कूर्चा बनविणाऱ्या मूळ पेशी वाढविल्या असता त्यांची वाढ अधिक चांगली झाली.

दुसरी पद्धत पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठाच्या मोंतेइरो, रेइश व नेवेश यांच्या गटाची. त्यांनी आधी धागे कातून घेतले आणि नंतर त्यांच्या पाठीवर रासायनिक आकड्यांनी मेदपिशव्या अडकविल्या. तोरणाच्या दोरीला आंब्याची पाने बांधावीत तशा. यात पिशवीला कताईचा मारच सोसावा लागत नाही. त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कायटोसानचे धागे वापरले होते. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. पिशव्यांत जेंटामायसिन हे जंतुनाशक होते. जखमेत नेहमी आढळणाऱ्या जंतूंवर या जाळीचा परिणाम दिसून आला. औषध जाळीला बांधलेले, जाळी जखमेवर बसलेली; मग औषध वाहून जाईल कोठे?

तिसरी पद्धत मला सर्वांत अधिक भावली, कारण तीत प्रश्नच उलटा केला आहे. पिशवी टिकत नाही ना? मग ती ठेवूच नका. तिचा कच्चा माल तेवढा ठेवा. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे मकी, लाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निव्वळ लेसिथिनचेच धागे विजेने कातून दाखविले होते. पुढे २०११ साली शांघाय व लंडन येथील संशोधकांनी, डेंग-ग्वांग यू हे त्यांतील प्रमुख, लेसिथिन जातीचा मेद आणि गोळ्या बांधण्यासाठी औषधांत वापरतात ते पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन यांचे मिळून धागे काढले. या धाग्यांत पिशवी नसतेच. मेदाचे रेणू कोरड्या धाग्यात विखुरलेले, जागच्या जागी अडकलेले असतात. धाग्याला पाणी लागले की तो विरघळतो, मेदाच्या रेणूंना एकाएकी पाण्याची जाणीव होते आणि ते आपोआप दुहेरी पडदा करून पिशव्या बनवितात. वाळल्या शेवया डब्यात वर्षभर राहतात. सणाच्या सकाळी त्या दुधात पडल्या की मगच खीर होते. खीर करून ठेविली असती तर ती दुपारपर्यंतही धड राहिली नसती.

या तिन्ही पद्धतींत धागा पिशवीला कसा सावरतो, ते आता ध्यानात येईल. घट्ट झालेल्या धाग्यात रेणू हलू शकत नाहीत, म्हणून पिशव्या एकमेकींवर आदळत नाहीत. पाणी नसले की पाण्याने होणारी तुटफूट थांबते आणि गोठण्याची धास्तीही जाते. बाहेरची साल औषधाला सावकाश बाहेर सोडते. आणि धाग्यांचे कापड जखमेवर, हाडाच्या भेगेवर ठेवता येते, शिवता येते, कात्रीने कापता येते. बाटलीतल्या दुधाळ पाण्याला यातले काहीच जमत नाही.

अद्याप उरलेले काम

येथवर वाचून कोणास वाटेल की आता औषधे फ्रीजविना सुखाने राहतील. तशी घाई करू नये. धाग्यातील मेदपिशव्यांचे हे काम अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतले आहे. रुग्णालयाच्या कपाटात ते आलेले नाही. अडचणी खऱ्या आहेत. एका सुईतून तासाला काही मिलिलिटरच द्रव कातला जातो. कारखान्यास हे पुरणारे नाही, म्हणून अनेक सुयांची वा सुईविरहित यंत्रे लागतात. जखमेवर ठेवावयाची वस्तू निर्जंतुक हवी. पण उकळावी तर पिशवी जाते, किरणांनी शुद्ध करावी तर मेद खवट होतो. धागे कातताना वापरलेला विषारी द्रव अंशानेही मागे राहता कामा नये. पाण्यात विरघळणारे धागे हवेतील दमटपणाही ओढून घेतात, म्हणून आपल्या कोकण-गोव्यासारख्या हवेत त्यांना बंद पाकीट लागेलच. आणि प्रत्येक चौरस इंचात औषध सारखेच आहे, हे सिद्ध केल्यावाचून कोणतेही सरकार परवानगी देणार नाही, व देऊही नये.

शिवाय काळ्या बुरशीसारख्या रोगात औषध शिरेतूनच सर्वांगात पोहोचवावे लागते. धाग्याचे कापड तेथे इंजेक्शनची जागा घेणार नाही. त्याचा खरा उपयोग मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, भाजलेली कातडी, मोडलेले हाड अशा एका ठिकाणच्या दुखण्यात होण्याचा संभव अधिक. आपल्या ट्रस्टच्या औषध-साहाय्याच्या वहीत मधुमेह्यांच्या जखमांचे अर्ज किती असतात, हे कार्यकर्त्यांना विचारून पाहावे. म्हणजे हा विषय दूरदेशीचा असला तरी परका नाही, हे पटेल.

मला यातून जे उमगले ते एवढेच. औषध शोधून काढणे हे अर्धे काम आहे. ते कारखान्यापासून रोग्याच्या अंगापर्यंत अखंड पोहोचणे हे उरलेले अर्धे. त्या उरलेल्या अर्ध्या वाटेवर शास्त्रज्ञ आहेत, तसेच मोटारसायकलवरून बर्फाची पेटी नेणारा आपला कार्यकर्ता आहे, आणि रात्री फ्रीज उघडणारा घरातला माणूसही आहे. प्रागच्या प्रयोगशाळेत दुहेरी सुई घेऊन बसलेली मंडळी जो प्रश्न सोडवू पाहत आहेत, तोच प्रश्न त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात उभा होता. त्यांना तो कळला होता, मला कळला नव्हता.

धाग्यांचे कापड येईल तेव्हा येवो. तोवर घरोघरी एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. फ्रीजमध्ये ठेवावयाच्या औषधाच्या खोक्यावरील बारीक अक्षरांतील ओळ वाचावी, चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचावी. इन्सुलिन हे पुष्कळ घरांत असते. तेही गोठवू नये, एकदा गोठले तर वितळवूनही वापरू नये. धनुर्वाताची, काविळीच्या ब प्रकाराची लसही गोठली की निकामी होते. उलट तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस गोठवूनच साठवितात. 'गार म्हणजे सुरक्षित' असा सरसकट नियम नाही. ज्याचा त्याचा नियम वेगळा. न समजल्यास औषध-दुकानदारास विचारण्यात कमीपणा मानू नये. मी त्या रात्री विचारले नाही.

आपल्या ट्रस्टच्या बर्फाच्या पेट्यांवर आता मोठ्या अक्षरांत सूचना चिकटविलेली आहे : 'बाटली बर्फाला टेकवू नका. मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवा.' ती माझ्या हस्ताक्षरात आहे. आठवीच्या वर्गात पाण्याचे प्रसरण शिकविताना मी आता पुस्तकातील फुटलेल्या नळाचे उदाहरण देतो आणि त्यानंतर सहा बाटल्यांचेही देतो. मुले ऐकतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या असे धागे कातील, अशी अपेक्षा बाळगण्यास शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही.